समुद्र नसलेली समुद्रसपाटी

१८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये दख्खनच्या हवेविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. लेखक विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत त्याची नेमणूक सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून झाली. पेशवाई बुडून पाचसात वर्षेच झाली होती. नव्या मुलखात माणसे किती, पिके कोणती, पक्षी कोणते, सारे लिहून काढणे हे त्याचे काम. (पक्ष्यांत तो इतका रमला की चंडोलाच्या एका जातीला आजही त्याचे नाव आहे.) या भटकंतीत त्याने पाऱ्याचा बॅरोमीटर सोबत बाळगला आणि ठरावीक वेळी पाऱ्याची उंची टिपून ठेवली. त्या टिपणांतून जो निबंध उभा राहिला, त्याच्या शीर्षकातच त्याने दख्खनच्या हवेला भरती-ओहोटी असते असे म्हटले आहे.

मंगळावरच्या हवेचा दाब माणसाने कसा मोजला, याची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. तिची सुरुवात साइक्सपासून का करायची हे पुढे स्पष्ट होईल. तूर्त एवढेच, की परग्रहाच्या हवामानाचा इतिहास सहसा दुर्बिणीपासून आणि अग्निबाणापासून सांगितला जातो. त्याची अर्धी बाजू मात्र अशा वह्यांत आहे, ज्यांत कोणीतरी रोज त्याच वेळी तोच आकडा लिहून ठेवला.

साइक्सला आढळले ते असे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पारा सर्वांत वर असतो. मग तो उतरू लागतो आणि दुपारी चार-पाचला तळ गाठतो. रात्री दहा-अकराला पुन्हा चढतो, पहाटे चार-पाचला पुन्हा उतरतो. ऋतू कोणताही असो, आभाळ निरभ्र असो की भरलेले, हा क्रम मोडत नाही. स्वतः घेतलेल्या हजारो नोंदींत सकाळ-दुपारच्या या उतारास एकही अपवाद मिळाला नाही, असे तो सांगतो. उष्ण कटिबंधातली ही नियमितता हुम्बोल्टने दक्षिण अमेरिकेत आधीच पाहिली होती. बॅरोमीटर पाहून पाव तासाच्या फरकाने वेळ सांगता येईल, इथपर्यंत त्याचा विश्वास गेला होता. युरोपात मात्र येणारी-जाणारी वादळे पाऱ्याला इतके वरखाली करतात, की त्या गोंधळात ही बारीक लाट हरवून जाते. ती पाहायला आपल्याकडचे संथ, कोरडे, दिवसेंदिवस न बदलणारे आकाशच हवे.

साइक्स वऱ्हाडात मोजणी करत नव्हता. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होते. त्याचे क्षेत्र पुणे, नगर, खानदेश, धारवाड असे. पण त्याने टिपलेली लाट आपल्या डोक्यावरूनही रोज जाते. अकोला-अमरावतीच्या हवामान केंद्रांवर सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला नोंद होते. सकाळची वेळ भरतीच्या जवळची, संध्याकाळची ओहोटीच्या. त्यामुळे नोंदवहीतल्या या दोन आकड्यांत बहुतेक दिवशी उतार दिसतो. फरक दोन-तीन मिलिबारांचा. बडनेऱ्याला एकूण दाब साधारण ९७० मिलिबार असतो, तेव्हा हा फरक शरीराला जाणवण्याजोगा नाही. आपल्या बोलीत पावसाला 'पाणी' म्हणतात, उन्हाला, थंडीला, वाऱ्याला नाना शब्द आहेत. दाबाला मात्र शब्द नाही, कारण त्याचा कधी अनुभवच येत नाही. भेंडवळच्या घटमांडणीतही दाबाला जागा नाही. दाब फक्त लिहिल्यावर दिसतो.

आणि तो लिहायला माणसे लागतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकात तासातासाच्या नोंदी सुरू झाल्या. अशा नोंदी एकट्या संचालकाच्या हातून होत नसतात. १८४० साली पंधरा वर्षांचा एक मुलगा तेथे साहाय्यक म्हणून लागला आणि सुमारे दहा वर्षे तेथेच राहिला. हे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक, 'ग्रहसाधनाची कोष्टके'चे कर्ते, टिळकांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचे काम काही काळ पाहिले. मराठी गद्याच्या इतिहासात ही दोन्ही नावे शिकवताना 'दर्पण' येतो, कोष्टके येतात, वेधशाळा मात्र एका वाक्यात उरकली जाते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याला नेमके लिहिण्याची जी सवय लागली, तिच्यात पाऱ्याच्या नळीशेजारी बसून काढलेल्या त्या वर्षांचाही वाटा असावा, असे मला वाटते. पुराव्याने सिद्ध करण्याजोगे हे विधान नाही, पण कोणी विद्यार्थ्याने त्याचा पाठपुरावा करावा.

लाट दिसली, पण तिचे कारण कळेना. सूर्य दिवसातून एकदा उगवतो, मग हवेची भरती दोनदा का? चंद्रामुळे म्हणावे तर समुद्राच्या भरतीची वेळ रोज पुढे सरकते, तशी ही सरकत नाही. ती सूर्याच्या घड्याळाला बांधलेली. १८८२मध्ये लॉर्ड केल्व्हिनने सुचवले की हवेच्या आवरणाचा स्वतःचा झोका बारा तासांच्या जवळपास असावा, म्हणून सूर्याच्या उष्णतेचा तेवढाच भाग वाढून दिसत असावा. ही सुंदर कल्पना सुमारे सत्तर वर्षे टिकली आणि चुकीची ठरली. १९६०च्या दशकात उलगडा झाला तो असा: हवा तापते ती केवळ जमिनीलगत नाही. वरच्या थरांतला ओझोन आणि खालच्या थरांतली बाष्प सूर्यप्रकाश थेट शोषून घेतात आणि त्या तापण्यातून बारा तासांची लाट उठते. म्हणजे जमिनीवरच्या काचनळीत पारा जो हलतो, तो तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर काय तापते आहे त्याची बातमी देत असतो. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे. मंगळावर त्याचे काम पडणार आहे.

आता दुर्बिणीकडे. एकोणिसाव्या शतकात मंगळावर हवा आहे याविषयी शंका नव्हती, ती किती आणि कशी एवढाच वाद होता. १८६७ साली फ्रेंच ज्योतिर्विद झ्यूल झान्सेन याने एटना पर्वतावरून मंगळाचा वर्णपट पाहून तेथे बाष्प असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी तो खग्रास सूर्यग्रहणासाठी गुंटूरला आला. त्याचे म्हणणे खोडून काढणारा अमेरिकन विल्यम वॉलेस कॅम्बेल हाही ग्रहणासाठी आपल्याकडे येऊन गेला, तोही खास महाराष्ट्रात. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी लिक वेधशाळेच्या तुकडीने करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ दिला होता. कॅम्बेल तिचा प्रमुख होता आणि सोबत चाळीस फुटी कॅमेरा होता. पुण्याहून प्रा. कावसजी दादाभाई नायगमवालाही तेथेच आले होते. त्यापूर्वीच १८९४मध्ये कॅम्बेलने एक साधी युक्ती केली होती. मंगळाचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना पृथ्वीच्या हवेतून येतो, तेव्हा बाष्पाच्या खुणा मंगळाच्या की आपल्याच? त्याने मंगळ आणि चंद्र आकाशात सारख्या उंचीवर असताना दोघांचे वर्णपट ताडून पाहिले. चंद्रावर हवा नाही. दोन वर्णपटांत फरक दिसला नाही. मंगळावर बाष्प असेलच तर या रीतीने सापडणार नाही इतके थोडे, एवढाच निष्कर्ष त्याने काढला. १९०९मध्ये त्याने माउंट व्हिट्नीच्या माथ्यावर उपकरणे चढवून तीच तुलना पुन्हा केली. उत्तर तेच आले.

पण लोकांना कॅम्बेल ठाऊक नाही, पर्सिव्हल लॉवेल ठाऊक आहे. मंगळावर कालवे आहेत आणि मरणाऱ्या ग्रहावरची शहाणी माणसे ध्रुवांवरचे पाणी शेतांना पुरवत आहेत, हे त्याचे चित्र सर्वांनी उचलले. कालव्यांसाठी वाहते पाणी हवे आणि पाणी वाहायला पुरेसा दाब हवा. मंगळ किती चकाकतो यावरून १९०८च्या सुमारास लॉवेलने हिशेब मांडला. त्याचा आकडा आजच्या मापात ८७ मिलिबार होतो. लॉवेल मेला, कालव्यांची हौसही ओसरली, पण त्याचा आकडा जिवंत राहिला. १९५४मध्ये जेरार द व्होकुलर या अत्यंत काटेकोर संशोधकाने तोवरच्या सर्व निरीक्षणांचा मेळ घालून ८५ मिलिबार दिले, चुकीची शक्यता फक्त चार मिलिबारांची. पाठ्यपुस्तकांत हाच आकडा गेला. वेर्नर फॉन ब्राउनने मंगळमोहिमेचा जो आराखडा १९५०च्या दशकात प्रसिद्ध केला, त्यात विशाल पंखांची विमाने मंगळाच्या हवेवर तरंगत उतरायची होती.

खरा आकडा सहा-सात मिलिबारांच्या आसपासचा. दहापटीहून अधिक चूक.

ही चूक अज्ञानी लोकांची नव्हती, म्हणून ती शिकण्यासारखी आहे. मंगळाचा प्रकाश किती विखुरतो, त्याचे ध्रुवण किती, हे सारे या मंडळींनी बरोबर मोजले होते. चुकले ते एका गृहीतकात. प्रकाश विखुरतो तो हवेच्या रेणूंमुळे असे त्यांनी धरले. वस्तुतः मंगळाच्या हवेत सतत बारीक धूळ तरंगत असते आणि प्रकाश विखुरण्याचे बरेचसे काम तीच करते. धूळ हवा म्हणून वाचली गेली. त्या वाचनातून निघालेला आकडा सर्वांना हवासा होता, म्हणून तो तपासण्याची निकड कोणाला वाटली नाही. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला पाठाबाहेरचा अर्थ पाठात घालणे म्हणतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला समीक्षेच्या इतिहासातही आठवत नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. १९६३ साली माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटावरून कॅप्लन, म्युंख आणि स्पिनराड यांनी १९६४मध्ये दाब सुमारे २५ मिलिबार असल्याचे सांगितले. चुकीची शक्यता पंधरा मिलिबारांची, हेही प्रांजळपणे नोंदवले. आणि जुलै १९६५मध्ये मरीनर-४ हे यान मंगळाच्या मागून गेले. यान ग्रहाआड होण्यापूर्वी आणि बाहेर पडताना त्याचा रेडिओ संदेश मंगळाच्या हवेच्या कडेतून आला आणि किंचित वाकला. या पिधानातल्या वाकण्यावरून हवेची घनता काढता येते. रेडिओलहरींना बारीक धुळीचा अडथळा होत नाही. आकडा निघाला ४ ते ७ मिलिबार. पृथ्वीवर एवढा विरळपणा गाठायचा तर तेहतीस-पस्तीस किलोमीटर वर जावे लागेल. फॉन ब्राउनची विमाने कागदावरच कोसळली. निव्वळ हवाई छत्रीने मंगळावर अलगद उतरणेही अशक्य झाले, शेवटच्या टप्प्यात खाली आग ओकणारे इंजिन लागणार हे स्पष्ट झाले.

शुक्रावर नेमके उलटे घडले. तेथे दाब अंदाजापेक्षा अफाट निघाला. १८ ऑक्टोबर १९६७ला सोव्हिएत व्हेनेरा-४ची कुपी शुक्राच्या ढगांतून उतरू लागली. पृथ्वीच्या सुमारे वीसपट दाबाची नोंद पाठवून ती मुकी झाली. कुपी जमिनीवर पोचली असे आधी सांगण्यात आले, प्रत्यक्षात ती अजून वीस-पंचवीस किलोमीटर वर होती. डिसेंबर १९७०मध्ये व्हेनेरा-७ खरोखर उतरली, पण तिच्यातली कळ अडकल्याने ती फक्त तापमान सांगत राहिली, दाब नाही. पडण्याच्या वेगावरून आणि तापमानावरून हिशेब करून दाब नव्वदपटीच्या घरात काढावा लागला. १९७२मध्ये व्हेनेरा-८ने तो सरळ मोजून खरा केला. शुक्राची ही कथा स्वतंत्र लेखाची आहे. असो.

मंगळाच्या आकड्यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. बडनेऱ्याच्या फलाटावर, जसे देशातल्या बहुतेक स्थानकांवर, पिवळ्या पाटीच्या खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. हजारो प्रवासी ती न वाचता गाडीत चढतात. मुंबईचा समुद्र येथून कितीतरी दूर आहे, तरी आपली उंची त्याच्यापासून मोजलेली, आणि चिखलदऱ्याचे अकराशे मीटरही त्याच्यापासूनच. साइक्सच्या काळी ही उंची काढण्याची एक रीत दाबाचीच होती. वर जावे तसा पारा उतरतो. बॅरोमीटर फुटला तर पाणी उकळावे, कारण दाब घटला की पाणी लवकर उकळते, साध्या तापमापकानेही डोंगराची उंची निघते. साइक्सने या रीतीवर स्वतंत्र निबंधही लिहिला आहे. चिखलदऱ्यावर पाणी सुमारे ९६ अंशांना उकळते, ते याच कारणाने.

मंगळावर समुद्र नाही. मग डोंगर किती उंच आणि दऱ्या किती खोल, हे कशापासून मोजायचे? नोव्हेंबर १९७१मध्ये मरीनर-९ मंगळाभोवती फिरू लागले आणि नकाशे काढण्याची वेळ आली, तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवले, की जेथे हवेचा सरासरी दाब ६.१ मिलिबार असेल ती शून्य उंची. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नव्हता. बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही एकाच वेळी नांदू शकतात तो दाब एवढा आहे. याहून कमी दाबात द्रव पाणी असूच शकत नाही, बर्फाची थेट वाफ होते. म्हणजे ज्या ग्रहावर समुद्र नाही, त्याची समुद्रसपाटी पाणी शक्य असण्या-नसण्याच्या सीमेवर आखली गेली. पुढे लेझरने मोजलेले काटेकोर नकाशे आले, तेव्हा शून्याची व्याख्या गुरुत्वाकर्षणावरून करण्यात आली आणि ६.१चा मान गेला. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मला मात्र जुनी व्याख्या अधिक आवडते, तिच्यात लॉवेलच्या कालव्यांना दिलेला शेवटचा, सभ्य निरोप आहे.

मार्च १९७४मध्ये सोव्हिएत मार्स-६ने उतरता उतरता काही मिनिटे माहिती पाठवली आणि ते नष्ट झाले. बॅरोमीटर मंगळाच्या जमिनीवर टिकून राहिला तो २० जुलै १९७६ला, व्हायकिंग-१ उतरले तेव्हा. त्याच्या हवामान गटाचा प्रमुख सेमूर हेस. तरुणपणी त्याने खुद्द लॉवेलने स्थापलेल्या वेधशाळेत मंगळाच्या हवामानाचा अभ्यास केला होता, तेव्हा साऱ्या जगाचा विश्वास त्या मोठ्या आकड्यावर होता. दुसऱ्याच दिवशी हेसने वार्ताहरांना मंगळाचे हवामानवृत्त दिले, थेट वर्तमानपत्री थाटात: दुपारी उशिरा पूर्वेकडून मंद वारे, मध्यरात्रीनंतर नैर्ऋत्येकडून, तापमान उणे ८६ ते उणे ३० अंश, दाब ७.७ मिलिबार, स्थिर.

'स्थिर' हा शब्द मात्र फार दिवस टिकला नाही. नोंदी साचू लागल्या तसा आकडा रोज थोडा थोडा घसरताना दिसला, इतका सलग की आधी उपकरणाचीच शंका यावी. उपकरण ठीक होते. दक्षिण गोलार्धात हिवाळा होता. मंगळाची हवा बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची, आणि तेथील ध्रुवीय थंडीत तो वायू गोठून जमिनीवर पडतो. तापमानाच्या हिशेबावरून लेटन आणि मरे यांनी १९६६मध्येच हे भाकीत केले होते. हिवाळा संपला तसा तो बर्फ उडाला आणि दाब पुन्हा चढला. मंगळाच्या एका वर्षात हा चढउतार तीस टक्क्यांच्या आसपास भरतो. पृथ्वीवरचे भयंकरातले भयंकर चक्रीवादळही दाब एवढा खाली आणत नाही, आणि येथे तो कोणत्याही वादळाशिवाय, केवळ ऋतू बदलला म्हणून बदलतो. एका ठिकाणी ठेवलेल्या यंत्रात एका ध्रुवाचा हिवाळा उमटत होता.

त्या घसरणाऱ्या रेषेवर एक बारीक नागमोड होती, रोजची. साइक्सची भरती. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, त्यामुळे तिचा ठेकाही ओळखीचा. १९७७मध्ये व्हायकिंगसमोर दोन मोठी धुळीची वादळे झाली, सारा ग्रह झाकणारी. दोन्ही वेळी ही दैनंदिन लाट फुगली, आणि विशेषतः तिचा दिवसातून दोनदा येणारा भाग. वर ओझोनविषयी जे सांगितले त्याचे काम येथे पडते. मंगळावर ओझोन नगण्य. सूर्यप्रकाश शोषून उंचावरची हवा तापवण्याचे काम तेथे धूळ करते. धूळ जितकी अधिक आणि जितकी उंच पसरलेली, तितकी बारा तासांची लाट मोठी. त्यामुळे यंत्राच्या आसपासचे आकाश निवळलेले असले, तरी ग्रहाच्या दुसऱ्या अंगाला धूळ उठल्याचे दाबाच्या लाटेवरून कळते. ज्या धुळीने लॉवेलपासून व्होकुलरपर्यंत सर्वांना चकवले, ती आता या लाटेच्या उंचीवरून मोजता येऊ लागली.

प्रमाणही ध्यानात घेण्याजोगे आहे. दख्खनच्या पठारावर रोजचा हेलकावा तीन-चार मिलिबारांचा, म्हणजे एकूण दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण मंगळाची सारी हवाच सात मिलिबारांची. आपला पारा रोज दुपारी जेवढा उतरतो, तेवढ्यात मंगळाची अर्धी हवा संपेल. ऑगस्ट २०१२मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीने तेथला रोजचा हेलकावा मोजला, तो एकूण दाबाच्या दहा टक्क्यांच्या घरात निघाला. त्या रेषेत अधूनमधून क्षणभराचे खड्डेही दिसतात. वावटळ यंत्रावरून गेली की मध्यभागी दाब कमी होतो, त्याची ती खूण. वैशाखात आपल्या काळ्या रानांतून वावटळ धूळ उचलत जाते, तीच घडण. फक्त मंगळावरच्या काही वावटळी कित्येक किलोमीटर उंच असतात.

भारताचे मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाभोवती पोचले आणि २०२२ साली त्याचा संपर्क संपला. त्याने दाब मोजला नाही, त्याचे ते काम नव्हतेच. मंगळाची हवा जेथे जवळजवळ संपते त्या बाह्य थरातले घटक त्याच्या एका उपकरणाने मोजले. मंगळाच्या जमिनीवरचे बॅरोमीटर बऱ्याच अंशी फिनलंडच्या हवामान संस्थेचे आहेत: २००८चे फीनिक्स, मग क्युरिऑसिटी, आणि २०२१मध्ये उतरलेली पर्सिव्हिरन्स. लहानशा देशाच्या संस्थेने एका उपकरणावर चिकाटी धरली, की काय होते त्याचे हे उदाहरण.

जून २०१८मध्ये पुन्हा ग्रहभर धूळ उठली. ऑपॉर्च्युनिटी ही जुनी गाडी सौर पट्ट्यांवर चालणारी. तिचे आकाश इतके काळवंडले की १० जूननंतर तिच्याकडून संदेश आला नाही. ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला क्युरिऑसिटी होती. ती प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालते, म्हणून तिला सूर्याची गरज नव्हती. ती अंधारातही ठरल्या वेळी दाब टिपत राहिली, आणि तिच्या नोंदींत दिवसातून दोनदा येणारी लाट चढत गेली.